ढग डोक्यावरून जातात, मग पाऊस का पडत नाही? कणकुंबी ते अथणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेत अथणी तालुक्यात, कृष्णेपासून लांब, सगळं कोरडवाहू. बहीण दिली आहे खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडं. जुलैत तिच्याकडं गेलात तेव्हा आठ दिवस सूर्य दिसला नाही. परत गावी आलात तर बांधावर धूळ उडत होती. ढग पश्चिमेकडून पूर्वेकडं जातात, म्हणजे तिच्याकडचेच ढग तुमच्याकडं येतात. मग वाटेत पाणी जातं कुठं? शिवाय तुम्ही विचारलंय की मोबाईलवर पाऊस दाखवतात आणि पडत नाही, ते खोटं असतं का, आणि नक्षत्रांवर किती भरवसा ठेवायचा.

मी या बेळगाव जिल्ह्यात तीसेक वर्षं पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला यातच घालवली. हा प्रश्न मला शंभर वेळा तरी विचारला गेला असेल, आणि दर वेळी प्रश्नामागं एकच समजूत दिसते: ढग म्हणजे टँकर. समुद्रावर भरायचा, वाऱ्यानं ओढायचा, वाटेत रिकामा करायचा. खानापूरकरांनी आधी रिकामा केला म्हणून अथणीला उरला नाही. ही समजूत आधी मोडली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच नीट बसणार नाही.

एक साधा हिशोब करू. भर पावसाळ्यात तुमच्या डोक्यावर, जमिनीपासून थेट वरपर्यंत जेवढी हवा आहे, तिच्यातली सगळी वाफ पिळून काढली तर पाणी किती निघेल? कोकण किनाऱ्यावर साधारण ५० ते ६० मिलिमीटर. बस्स, एवढंच. आणि खानापूर तालुक्यातल्या घाटमाथ्यावरच्या कणकुंबीला जुलैमध्ये एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद अजिबात नवलाची नाही. डोक्यावर साठा साठाचा आणि खाली पडतात दोनशे! याचा अर्थ तिथं ढग रिकामा होत नव्हता. खालून सतत नवी ओली हवा येत होती, वर चढत होती, तिचं पाणी होत होतं, आणि तिच्या मागून पुढची येत होती. पाऊस वाहून आणलेला नसतो, तो जागेवर तयार होतो. जिथं हवा वर चढते तिथं होतो, जिथं चढायची थांबते तिथं थांबतो. कणकुंबीचा ढग म्हणजे चालू असलेली गिरणी समजा. गिरणीतून धान्य येत-जात राहतं, गिरणी तिथंच असते. तुम्ही वर बघून म्हणता ढग पुढं गेला, पण घाटमाथ्यावरचा ढग दिवसभर त्याच डोंगराला धरून असतो. त्याच्यातून फक्त हवा पुढं जाते.

आता हवा वर चढली की पाणी का होतं, ते. हवेला वजन असतं. समुद्रकाठी एका चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा उभी असते. हा भार चारी बाजूंनी आणि आपल्या आतूनही सारखाच असल्यामुळं जाणवत नाही. वर जावं तसा हा भार कमी होतो. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल, तर बेळगाव शहर साधारण साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळं तिथं तो ९२५ च्या आसपास राहतो. म्हणून बेळगावात पाणी शंभर अंशांच्या थोडं आधीच, साडेसत्याण्णवच्या जवळपास उकळतं.

हवा वर गेली की भोवतालचा दाब कमी होतो, म्हणून ती पसरते. पसरायला जे बळ लागतं ते ती स्वतःच्या उष्णतेतून काढते, आणि थंड होते. हे बोटानं अनुभवता येतं. सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हची पिन दाबा आणि बाहेर येणारी हवा बोटावर घ्या. उन्हात उभी असलेली सायकल असली तरी ती हवा गार लागते. उलट पंपानं हवा भरताना पंपाचं बूड तापतं, कारण तिथं हवा दाबली जातेय. वातावरणात नेमकं हेच चालतं. कोरडी हवा एक किलोमीटर वर गेली की जवळजवळ दहा अंशांनी थंड होते, आणि तेवढीच खाली आली की दहा अंशांनी तापते. हा नियम लक्षात ठेवा, आपल्या जिल्ह्याचा अर्धा भूगोल त्यात आहे.

थंड हवेत वाफ कमी मावते. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते, २० अंशांना सतरा, १० अंशांना साडेनऊच्या आत. मावेनाशी झाली की ती हवेतल्या बारीक कणांवर, म्हणजे मीठ, धूळ, धूर यांच्या कणांवर पाणी होऊन बसते. हा झाला ढग. ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. तो इतका हलका की हवेतच तरंगतो. पावसाचा दोन मिलिमीटरचा एक थेंब व्हायला असे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. म्हणजे नुसता ढग असून पाऊस होत नाही. त्या थेंबांना एकमेकांवर आदळून मोठं व्हायला जाड ढग पाहिजे आणि वेळ पाहिजे. ही गोष्ट अथणीसाठी फार महत्त्वाची आहे, तिच्याकडं पुन्हा येतो.

आता बहिणीच्या गावाकडं चला. जुलैत गोव्याच्या किनाऱ्यावरची हवा २८ अंशांची आणि अगदी ओली. तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला तिला फक्त तीनेक अंश थंड व्हायचं असतं. आमच्या कामातला एक ढोबळ आडाखा आहे: जितके अंश थंड व्हायचं बाकी आहे, त्याला १२५ नं गुणा, तेवढ्या मीटरवर ढगाचा तळ. तीन गुणिले १२५ म्हणजे पावणेचारशे मीटर. आणि चोर्ल्याचा घाटमाथा आहे आठशे मीटरच्या आसपास. म्हणजे हवेला घाट चढून माथ्यावर यायच्या निम्म्या वाटेतच ढग व्हावं लागतं. वाऱ्याला दुसरी वाटच नाही, समोर सह्याद्री उभा आहे, मागून अरबी समुद्रावरचा जोरकस वारा ढकलतोय. म्हणून कणकुंबीत जुलैत जे 'धुकं' म्हणतात ते धुकं नव्हे, तुम्ही ढगात उभे असता. मी तिथं पहाटे नोंद घ्यायला उभा राहिलोय. पाऊस थांबलेला असला तरी भुवयांवर पाणी जमतं, वहीचं पान पेन्सिलीखाली फाटतं, घराघरात चुलीवर दोरी बांधून कपडे वाळवत असतात आणि तरी त्यांना धुराचा आणि ओलीचा वास राहतोच. इरलं घेऊन चिखलणी करणाऱ्या बाया आपसात बोलताना दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. याच ओल्या पट्ट्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि म्हादईही खानापूर तालुक्यातूनच निघते. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस जातो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास. अथणीकडं पाच-सहाशे.

घाटमाथा ओलांडला की काय होतं? इथं पुस्तकात एक चित्र असतं: डोंगरापलीकडं हवा खाली उतरते, तापते, कोरडी होते, म्हणून पर्जन्यछाया. ते बरोबर आहे, पण आपल्याकडं तेवढ्यानं भागत नाही. आपला डोंगर पलीकडं पुन्हा समुद्रसपाटीला उतरत नाही. पुढं पठार आहे. बेळगाव साडेसातशे मीटर, अथणी साडेपाचशेच्या आसपास. एवढ्या लांबवर दोनशे मीटरचा उतार म्हणजे हवा दोन अंश तापली, इतकंच. माझ्या मते खरं कारण दुसरंच: चढ संपला. घाटात हवेला कुणीतरी वर ढकलत होतं, पठारावर कुणी ढकलत नाही. गिरणीचा पट्टा काढून टाकला. हवेत ओल अजून भरपूर असते, म्हणून तर अथणीत जुलैभर आभाळ भरलेलं दिसतं. पण ते ढग पातळ, किलोमीटर-दीड किलोमीटर जाडीचे. त्यांच्यात थेंबांना एकमेकांवर आदळून मोठं व्हायला ना उंची, ना वेळ. जोराचा पश्चिमेचा वारा त्यांना पळवत नेतो, अधूनमधून भुरभुर येते, माती वरवर भिजते आणि तासाभरात वाळते. तुमचं पाणी कुणी पळवलं नाही. ते तुमच्या डोक्यावर वाफेच्या रूपात आहे, त्याला वर उचलणारं काही नाही.

बेळगावात हे एका दिवसात बघता येतं. शहापूर-वडगावकडं रिपरिप, आणि सांबऱ्याच्या पुढं गेलं की रस्ता कोरडा. आमच्याकडच्या बोलीत म्हणतात तसं, "तिकडं पाऊस पडूलाय, हितं ऊन पडलंय बघ की." कोकणातून येणारा वारा खानापूर-बेळगाव पट्ट्यात अजून थोडा उसळत असतो, पुढं शांत होतो. दहा-वीस किलोमीटरमागं पाऊस निम्मा होत जाणारी अशी जागा देशात फार थोडी आहे.

मग अथणीचं शेत कशावर चालतं? दोन गोष्टींवर, आणि दोन्हीत हवा वर चढायला डोंगराची गरज नाही.

पहिला वळीव. एप्रिल-मेमध्ये जमीन तापते, तिला टेकलेली हवा तापते, हलकी होते आणि फुग्यासारखी वर सुटते. वर गार हवा असेल आणि बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून थोडी ओल आलेली असेल, तर एक भन्नाट गोष्ट घडते. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता बाहेर पडते. तीच उष्णता ढगातल्या हवेला आणखी तापवते, ती आणखी वर जाते, आणखी पाणी होतं. ढग स्वतःच स्वतःचं इंधन होतो. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडायला जेवढी वाफ पाणी झाली, तिनं वर सोडलेली उष्णता विजेच्या हिशोबात सत्तर हजार युनिटच्या घरात जाते. म्हणून वळवाचा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. आपल्या भागात ज्या थरात हवामान घडतं तो थर सोळा-सतरा किलोमीटरचा आहे. त्याच्या छताला ढग टेकला की डोकं पसरतं आणि लोहाराच्या ऐरणीसारखं दिसतं. दुपारी तीन-चारच्या सुमाराला क्षितिजावर अशी ऐरण दिसली आणि तिची कड धारदार असली, तर तिकडं गारा असू शकतात. पाच किलोमीटरच्या वर पाणी गोठतं. ताशी साठ-सत्तर किलोमीटरनं वर उसळणारी हवा त्या गोठलेल्या दाण्याला खाली पडू देत नाही, तो पुन्हा पुन्हा पाण्याचा लेप घेत मोठा होतो, आणि पेलेनासा झाला की सुटतो. तेलसंगकडच्या द्राक्षबागायतदाराला दहा मिनिटांची गारपीट म्हणजे काय ते सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, वळवाचे ढगही पुष्कळदा नुसते गडगडून जातात. खरं आहे, आणि त्याचं कारणही त्याच आडाख्यात आहे. मे महिन्यात तुमच्याकडची हवा ३९ अंशांची आणि इतकी कोरडी, की तिला तेवीस-एक अंश थंड झाल्याशिवाय ढग होत नाही. तेवीस गुणिले १२५, म्हणजे ढगाचा तळ जमिनीपासून पावणेतीन किलोमीटरच्या वर. तिथून निघालेला थेंब एवढी कोरडी हवा ओलांडून येताना वाटेतच आटतो. ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात आणि जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्या याच. आटताना तो थेंब भोवतालची हवा गार करतो. ती जड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पळते. पावसाआधी जो गार वारा धुळीचे लोट घेऊन येतो, गोठ्याचे पत्रे उडवतो, केळी आडव्या करतो, तो हाच. पावसाचा थेंब न पडता नुसत्या वाऱ्यानं झालेलं नुकसान मी अथणी-रायबागकडं जितकं पाहिलं तितकं पावसानं झालेलं पाहिलेलं नाही. गार वारा लागला की शेडनेटच्या दोऱ्या तपासायला धावू नका, तेवढा वेळ नसतो. आधी माणसं आणि जनावरं आत घ्या.

विजेबद्दल हात जोडून सांगतो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. अंतर दहा किलोमीटरच्या आत, म्हणजे तीस सेकंदांच्या आत आलं तर वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. झाडाखाली थांबायचं नाही, शेतातल्या एकट्या बाभळीखाली किंवा कडुनिंबाखाली तर मुळीच नाही. विहिरीवरच्या मोटारीला, तारेच्या कुंपणाला हात लावायचा नाही. पक्कं घर किंवा बंद गाडी जवळ नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, आडवे पडू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' नावाचं ॲप आहे. तुमच्या आसपास वीज पडत असेल तर ते सांगतं. ते प्रत्येक शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये असायला हवं. दरवर्षी मे महिन्यात झाडाखाली थांबलेल्या माणसांच्या बातम्या वाचून मला झोप लागत नाही.

दुसरा आधार सप्टेंबर-ऑक्टोबरचा. सप्टेंबर हा तुमच्याकडचा सगळ्यात जास्त पावसाचा महिना, आणि हे खानापूरकरांना सांगितलं तर पटत नाही. होतं असं, की पश्चिमेचा वारा मंदावतो, जमीन पुन्हा तापायला मोकळी होते, आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे ओल आत ढकलतात. कमी दाब म्हणजे त्या जागी चारी बाजूंनी हवा जमा होणार आणि जायला जागा नसल्यानं वर चढणार. डोंगराचं काम दाबानं केलं. पुढं ऑक्टोबरच्या मध्यात नैर्ऋत्य मोसमी वारा माघारी जातो आणि वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहू लागतो. आपल्याकडचे कन्नड शेतकरी याला हिंगारू म्हणतात, आणि आपणही तेच म्हणतो. त्याआधीचा नैर्ऋत्येचा पाऊस तो मुंगारू. मुंगारू घाटाचा, हिंगारू पठाराचा. तुमचा शाळू, हरभरा, करडई या पावसाच्या ओलीवर आहे. मुंगारूत खानापूरच्या भातशेतीकडं बघून आपल्या रानाला दोष देण्यात अर्थ नाही, दोघांचं पंचांगच वेगळं आहे.

पंचांगावरून नक्षत्रं. याबाबत दोन टोकाची माणसं मला भेटतात, एक नक्षत्राबाहेर तिफण हलवत नाहीत आणि एक ते सगळं थोतांड म्हणतात. दोघांनाही सांगतो, नक्षत्राचा पाऊस हा चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो. सूर्य सत्तावीस नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो, एकेकात साडेतेरा दिवस. त्यामुळं मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. याउलट कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठ पौर्णिमेला, म्हणजे चंद्रावर, तो जूनभर मागंपुढं होतो. शेतकऱ्यानं पावसासाठी सूर्याचं पंचांग धरलं ही फार शहाणपणाची गोष्ट होती, कारण ऋतू सूर्यावर चालतात. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा फार सावकाश डुलतो, आणि त्यामुळं नक्षत्रं ऋतूच्या मानानं सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकतात. वराहमिहिराच्या काळापासून, म्हणजे सहाव्या शतकापासून, तीन आठवड्यांचा फरक पडला. म्हणून म्हणी जुन्या असतील तर त्यांची तारीखही जुनी असते. मृगाचा किडा रानात दिसला, तांबडा मखमली, तर तो जमीन भिजल्याचा पुरावा आहे, पुढं पाऊस येणार याची हमी नव्हे. आणि नक्षत्र यंदाचं साल कसं आहे ते सांगू शकत नाही. २०२३ ला मृगही आला, आर्द्राही आली, पण प्रशांत महासागर तापलेला होता, एल निनोचं वर्ष होतं. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला आणि कर्नाटकातल्या बहुतेक तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. नक्षत्र सरासरी सांगतं. पेरणी त्या सालच्या ओलीवर करायची.

आता मोबाईल. अंदाज करणारं गणित वातावरणाचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनाला एकच तापमान, एकच पाऊस देतं. भारतीय हवामान विभागानं २०२५ मध्ये सुरू केलेल्या नव्या पद्धतीत हा चौकोन ६ किलोमीटरचा झाला, त्याआधी १२ चा होता. परदेशी ॲपचे चौकोन बहुतेक वेळा याहून मोठे. वळवाचा ढग असतो तीन-चार किलोमीटर रुंद. तो चौकोनात कुठं पडेल हे गणिताला दिसतच नाही, म्हणून ते '६० टक्के शक्यता' म्हणतं. म्हणजे अशा दहा दिवसांपैकी सहा दिवशी पाऊस झाला. तुमच्या रानात ६० टक्के पाऊस पडेल असा त्याचा अर्थ नाही.

दुसरी गफलत इशाऱ्यात होते. इशारा जिल्ह्यासाठी असतो. हवामान विभागाच्या नकाशात आख्खा बेळगाव जिल्हा 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या एका भागात मोडतो, खानापूरचा घाट आणि अथणीचं पठार एकाच रंगात. ऑरेंज अलर्ट खानापूरमुळं येतो आणि तुम्ही अथणीत आभाळाकडं बघत बसता. म्हणून रंग बघू नका, शब्द वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाव केंद्रांपेक्षा जास्त ठिकाणी पाऊस अपेक्षित नाही. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्या वर. जुलैत 'तुरळक ठिकाणी मुसळधार' वाचलंत तर ते तुरळक ठिकाण घाटात आहे असं धरून चाला. 'मुसळधार' म्हणजेही आकडा आहे, चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा जास्त. पडून गेलेल्या पावसासाठी राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राची स्वयंचलित यंत्रं ग्रामपंचायतीपर्यंत आहेत. तुमच्या होबळीचा, म्हणजे तालुक्यातल्या तुमच्या महसुली मंडळाचा आकडा त्यांच्याकडं बघा, बेळगाव शहराचा नको.

घाटाच्या इशाऱ्याकडं मात्र अथणीकरांनी दुर्लक्ष करू नये, आणि ते एका वेगळ्याच कारणासाठी. ऑगस्ट २०१९ आठवा. अथणी, रायबाग, चिक्कोडीच्या कृष्णाकाठच्या गावांत घराघरात पाणी शिरलं, गोकाकात घटप्रभा चढली. ते पाणी मुख्यतः सह्याद्रीत पडलेलं होतं. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा या सगळ्या त्या ओल्या कडेवरून निघतात. हवेतून जे पाणी तुमच्यापर्यंत पोचत नाही ते नदीतून पोचतं, दोन-तीन दिवस उशिरा. तुमचं शेत नदीपासून लांब आहे, पण कृष्णाकाठी पाहुणे असतील तर त्यांना सांगा: गावात ऊन आहे की पाऊस यावर जाऊ नका, घाटात सलग तीन दिवस अतिवृष्टीचा इशारा असला आणि धरणांचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की गोठा रिकामा करायला घ्या.

शेवटी एक काम सांगतो, ते यंदाच सुरू करा. घरी पाऊस मोजा. यंत्र विकत आणायची गरज नाही. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा घ्या, तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे हवेत. बादली चालणार नाही, ती वर रुंद असते. मोकळ्या जागी ठेवा, झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या दुप्पट तरी अंतर सोडून. माझ्या पहिल्या वर्षीच्या नोंदी एका आंब्याच्या झाडामुळं वाया गेल्या. दर पावसात शेजारच्या गावापेक्षा पाऊस कमी दिसायचा आणि मी सहा महिने तो पावसाचाच फरक समजत होतो. डब्याचं तोंड जमिनीपासून फूटभर वर असू द्या, म्हणजे उडालेला चिखल आत जात नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं खोली मोजायची आणि डबा ओतून टाकायचा. देशभर पाऊस साडेआठलाच मोजतात, म्हणून तुमचा आकडा कुणाच्याही आकड्याशी ताडता येईल. डबा लहान असो की मोठा, खोलीचा आकडा तोच येतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, गुंठ्याला शंभर लिटर, एकराला चार हजार. २५ मिलिमीटर झाला की एकरी एक लाख लिटर पाणी तुमच्या रानात उतरलं.

आकड्याशेजारी वाऱ्याची दिशा लिहा. कंपास नको. चुलीचा धूर किंवा रस्त्यावरची धूळ कुठं जाते ते बघायचं. जून ते ऑगस्ट ती विजयपूरकडं जाताना दिसेल. सप्टेंबरच्या उत्तरार्धात एक-दोन दिवस ती कुठंच जाणार नाही, उकडेल, घाम वाळणार नाही. मग एका सकाळी धूर उलटा, चिक्कोडीकडं वाकलेला दिसेल. त्या आठवड्यात शाळूचं बियाणं घरात तयार असू द्या.